धाब्याच्या घरातील बिनतारी जोडणी : अल्पमोली राउटरची निवड आणि त्याचा पल्ला

खानदेशातील घरात इंटरनेटची जोडणी येते ती बहुधा ओसरीवर किंवा पुढच्या खोलीत येऊन थांबते. काचतंतू आणणारा कारागीर रस्त्याकडील भिंतीला भोक पाडतो, जवळच्या खुंटीवर पेटी अडकवितो आणि निघून जातो. घरातील मुलगी मात्र परीक्षेचा अभ्यास मागील खोलीत, नाही तर माडीवर करीत असते. तेथे फोनवरील खुणेची एखादीच रेघ उरते. मग वडीलधारी मंडळी बाजारात जाऊन चार आकाशकांचा, दिसावयास भारदस्त असा राउटर घेऊन येतात. त्यापायी गेलेले दीड-दोन हजार रुपये पुष्कळदा वाया जातात. ते का जातात आणि कसे वाचविता येतील, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम तरंगांची प्रकृती पाहू. घरगुती राउटर मुख्यतः 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन कंप्रतापट्ट्यांत काम करतो. पहिल्या पट्ट्यातील तरंगांची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर दुसऱ्यातील पाच ते सहा सेंटिमीटर असते. आखूड तरंग अधिक माहिती वाहून नेतात हे खरे; परंतु ते भिंतीत लवकर थकतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती चौथाई होते. 2.4 गिगाहर्ट्झवर शंभर मिलिवॉट शक्ती सोडली, तर दहा मीटरांवरील साध्या आकाशकाला तिचा साधारण दशलक्षांश मिळतो. हा आकडा ऐकून वाचकांनी दचकू नये. त्याच्याही हजाराव्या भागावर फोनचे काम बऱ्यापैकी भागते. तेव्हा घराच्या आकाराएवढे अंतर हा आपला शत्रू नव्हे. शत्रू आहे ती भिंत. एका भिंतीतून जाताना शक्तीचा सहावा हिस्सा उरतो असे धरले, तर चार भिंतींपलीकडे तेराशेवा भाग उरेल, आणि वरील सारी शिल्लक संपून जाईल.

आता आपल्याकडील भिंती कशा आहेत? जुन्या घरांत मातीच्या जाड भिंती आणि सागवानी तुळयांवर फळ्या घालून त्यावर मातीचा थर दिलेले धाबे, ही इकडची परिचित रचना. उन्हाळ्यात हे घर गार राहते. तरंगांना मात्र ते प्रतिकूल असते, कारण जाड माती त्यांना शोषून घेते आणि ओली माती त्याहून अधिक शोषते. श्रावणात माडीवरची जोडणी मंदावली अशी तक्रार कोणी केल्यास ती हसण्यावारी नेऊ नये. भिंत तिरपी छेदावी लागली तर तरंगांचा मातीतील मार्ग आणखी लांबतो, हेही ध्यानात ठेवावे. नव्या वसाहतींतील सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांचे जाळे असते. पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट आणि कूलरचा पत्र्याचा सांगाडा हे तरंग परतवून लावतात. कूलरच्या टाकीतील पाणी तर ते गिळूनच टाकते.

धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांची अडचण निराळी आहे. 1818 साली खानदेश इंग्रजी अमलाखाली आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले, आणि पुढे सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्यांतून शहर वाढले. अशा वस्तीत घराला घर लागून असते. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच : 1, 6 आणि 11. दहा शेजाऱ्यांचे दहा राउटर या तीन वाहिन्यांतच दाटीवाटीने बोलत असतील, तर फोनवर खुणेच्या सर्व रेघा भरलेल्या दिसूनही काम रखडते. येथे नवा राउटर काय करणार? कोणती वाहिनी मोकळी आहे हे फोनवरील एखाद्या विनामूल्य साधनाने पाहून तीवर मुक्काम हलविणे आणि जवळच्या खोलीत 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणे, हाच उपाय.

दुकानदार आकाशकांच्या संख्येकडे बोट दाखवितो. पण हे संभाषण दुतर्फा आहे. राउटरने मोठ्याने ओरडून काय उपयोग? फोनचा क्षीण आवाज त्याला उलट ऐकू आला पाहिजे. चांगला आकाशक दोन्ही दिशांना साहाय्य करतो. मात्र तो शक्ती निर्माण करीत नाही, आडवी पसरवितो आणि वर-खाली कमी करतो. म्हणून माडीवर पोहोचावयाचे असल्यास एखादा आकाशक आडवा करून पाहावा.

खोक्यावरील 1200 हा आकडाही नीट समजून घेण्याजोगा आहे. तो एका पट्ट्याचे 300 आणि दुसऱ्याचे 867 मेगाबिट यांची बेरीज, वर गोळाबेरीज करून सांगितलेली. कोणत्याही एका फोनला तो वेग मिळत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट खोक्याच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत असते. पुष्कळ स्वस्त राउटरांची तारेची छिद्रे शंभर मेगाबिटांपुरतीच असतात. दोनशेची जोडणी घेतलेल्या माणसाचे निम्मे पैसे तेथेच अडकतात. माझ्या मते अल्प खर्चात पाहावयाच्या गोष्टी तीनच : दोन्ही पट्टे, गिगाबिट छिद्रे आणि सुरक्षिततेची नवी कार्यप्रणाली वेळोवेळी पुरविणारा उत्पादक. आकाशकांची मोजणी त्यानंतर करावी.

आणि खरेदीपूर्वी एक बिनखर्ची प्रयोग अवश्य करावा. पेटी फडताळातून किंवा दूरचित्रवाणी संचामागून काढून माजघरात, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर आणावी. दार उघडे ठेवले तर तरंगांना तेवढी एक वाट मिळते. अनेक घरांत प्रश्न येथेच मिटतो.

न मिटल्यास पल्ला वाढवावा लागतो. बाजारात स्वस्तात मिळणारा पुनःप्रक्षेपक त्याच वाहिनीवर ऐकतो आणि त्याच वाहिनीवर पुन्हा बोलतो. त्यामुळे वेग सुमारे निम्मा होतो. लोक तो नेमका जेथे तरंग पोहोचत नाहीत तेथे लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? तो वाटेत, मूळ पेटीचे तरंग अजून बळकट आहेत तेथे लावावा. याहून उत्तम मार्ग तारेचा आहे. घरात पडून असलेला जुना राउटर घ्यावा, त्याच्या अंतर्गत जाळ्याचा पत्ता बदलावा, पत्ते वाटण्याचे त्याचे काम बंद करावे आणि मुख्य पेटीपासून आणलेली तार त्याच्या अंतर्गत छिद्रात जोडावी. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते. ती शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार स्वस्त पडते, परंतु वाकविताना तुटते.

वैशाखाची गोष्ट मात्र पुस्तकांत सापडत नाही. घरगुती राउटरांवर चालण्याची कमाल मर्यादा बहुधा 40 अंश सेल्सिअस छापलेली असते, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो. पत्र्याखालील खोलीत याहून अधिक. पेटी भिंतीवर उभी लावावी, तीवर कापड टाकू नये, फ्रीजच्या माथ्यावर ठेवू नये. वीज जाण्याची सवय असलेल्या गावी बारा व्होल्टचा लहान विद्युत्संचय जोडल्यास काही तास काम चालते. परंतु काचतंतूची पेटी निराळी असेल, तर तिलाही तो हवा.

रावेर-यावलकडे मळ्यातील घरापर्यंत जोडणी नेण्याचा प्रश्न विचारला जातो. तेथे एकाच दिशेस रोखलेले दोन आकाशक वापरतात. केळीची पाने आणि खांब पाण्याने भरलेले असतात, म्हणून बागेतून तरंग पाठविण्याचा मोह टाळावा. लागवडीच्या वेळी उत्तम चाललेली जोडणी बाग वाढल्यावर बसते. दोन्ही खांब पूर्ण वाढलेल्या केळीच्या माथ्याहून चांगले उंच उभारावेत.