‘डिप्रेस्ड’ म्हणजे उदास नव्हे

काही वर्षांपूर्वी इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ या संस्थेच्या नावाचा अर्थ ‘उदास वर्गांची संस्था’ असा लिहिलेला आम्हांस आढळला. आम्ही लाल शाईने काट मारली, शून्य गुण दिले आणि पुढची उत्तरपत्रिका उघडली. गुण कळले त्या रात्री अभ्यासिकेत फेरी मारताना तो मुलगा शब्दकोश घेऊनच समोर आला. “सर, मी कोशातलाच अर्थ लिहिला होता.” कोशात पहिलाच अर्थ होता : उदास, खिन्न. मुलाचे चुकले नव्हते. कोश कसा वाचावा हे आम्हीच त्याला कधी शिकवले नव्हते. आम्ही मूळचे इतिहासाचे. इंग्रजीचे शिक्षक रजेवर गेले की तो तासही आमच्याकडे येई आणि आम्ही तो शब्दार्थ फळ्यावर लिहून उरकत असू. त्या रात्रीनंतर जे सांगू लागलो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवीत आहोत.

शब्दाला बहुधा एक मूळचा, डोळ्यांपुढे उभा राहणारा अर्थ असतो, आणि त्यातून पुढे वाढलेले लाक्षणिक अर्थ असतात. ‘एखाद्याचे कान फुंकले’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणी फुंकर मारलेली नसते. ‘चूक पोटात घातली’ म्हणतो तेव्हा कोणी काही गिळलेले नसते. हे मुलांना शिकवावे लागत नाही, कारण ते आईच्या बोलण्यातून कानांवर पडलेले असते. इंग्रजी आपल्या मुलांना चुलीपाशी मिळालेली नाही. म्हणून तिथे शब्दाच्या आतले चित्र मुद्दाम शोधावे लागते.

‘डिप्रेस्ड’मधले चित्र आहे खाली दाबण्याचे. घसा तपासताना डॉक्टर जीभ दाबायला जी पट्टी वापरतात, तिच्या इंग्रजी नावात हाच शब्द आहे. हवामानखात्याचे ‘डिप्रेशन’ म्हणजे कमी दाबाचे क्षेत्र, १९२९ नंतरचे जगातले ‘डिप्रेशन’ म्हणजे खाली बसलेला व्यापार, आणि मनाचे ‘डिप्रेशन’ म्हणजे दडपलेले मन. चित्र एकच आहे. कोण, कुठे, कशाविषयी बोलतो आहे यावरून अर्थ ठरतो. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत हे मिशन स्थापन केले तेव्हा ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणजे दाबून ठेवलेले वर्ग असाच अर्थ अभिप्रेत होता. संस्थेच्या मराठी नावात मात्र ‘निराश्रित’ हा शब्द योजला गेला. निराश्रित म्हणजे ज्याला आसरा नाही तो. हेतू चांगला असला तरी त्या शब्दात दाब उरला नाही, कीव तेवढी उरली, असे आमचे मत आहे. ‘दलित’ या शब्दात तो दाब पुन्हा आला, कारण ‘दल्’ या धातूत फोडण्याचा, चिरडण्याचा अर्थ आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नावच मान्य नव्हते. १९३१ साली त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी गोलमेज परिषदेला जे पुरवणी निवेदन दिले, त्यात पर्यायी नावे सुचवली होती. त्यांपैकी दोन होती ‘प्रोटेस्टंट हिंदू’ आणि ‘नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू’. शब्दकोश पाहून ही नावे कळत नाहीत, त्यासाठी युरोपचा इतिहास ठाऊक असावा लागतो. प्रोटेस्टंट म्हणजे पोपच्या सत्तेला विरोध करून उठलेले; नॉन-कन्फॉर्मिस्ट म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे नियम न मानणारे. लंडनमधल्या श्रोत्याला ही नावे ऐकताच आपल्याच देशाची काही शतके आठवणार होती. शिवाय ‘डिप्रेस्ड’ माणूस दाबला जातो, ‘प्रोटेस्टंट’ माणूस स्वतः नकार देतो. एका नावाच्या निवडीत केवढी भाषा जाणणारा माणूस होता!

पुढे १९३५च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हे नाव आले. आमची मुले शेड्यूल म्हणजे वेळापत्रक समजतात. मूळ शब्द कागदाच्या लहान तुकड्याचा. त्यावरून कायद्याला जोडलेली यादी, म्हणजे अनुसूची. जातीच्या दाखल्यावरचा हा शब्द पालकांनी मुलांना एकदा समजावून सांगावा.

‘परायाह’ हा शब्द शिकवताना मात्र आमचा आवाज अजूनही चढतो. एखादा देश जगात एकाकी पडला की इंग्रजी वृत्तपत्रे त्याला ‘परायाह स्टेट’ म्हणतात. वाचणाऱ्याला वाटते, हा कुठला तरी लॅटिन शब्द असावा. तो तमिळ आहे. ‘परै’ हे आपल्या हलगीसारखे चामड्याचे वाद्य. त्यावरून ‘परैयर’ हे तिकडच्या एका अस्पृश्य ठरवलेल्या जातीचे नाव. सतराव्या शतकात ते इंग्रजीत पोचले आणि एकोणिसाव्या शतकात त्याचा अर्थ ‘समाजाने टाकलेला कोणीही’ असा झाला. फ्लोरा त्रिस्ताँ या फ्रेंच लेखिकेने १८३८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनाच्या नावात स्वतःलाच ‘पारिया’ म्हटले, आणि गावातल्या भटक्या कुत्र्यालाही इंग्रज ‘परायाह डॉग’ म्हणू लागले. जिवंत माणसांच्या जातीचे नाव असे जगभर उपमेसारखे वापरले जाते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आमच्या वर्गात हा शब्द वाचायचा, ओळखायचा, पण निबंधात लिहायचा नाही, असा नियम आहे.

त्याच्या जोडीला येणारा ‘आउटकास्ट’ फसवा आहे. त्यातला ‘कास्ट’ म्हणजे फेकणे. जातीसाठीचा ‘कास्ट’ पोर्तुगीज ‘कास्ता’वरून आलेला. दोघांचे नाते नाही. पण उच्चार एक असल्याने भारताविषयी लिहिताना इंग्रजांनी शेवटी एक ‘ई’ जोडून ‘जातीबाहेरचा’ असा दुसरा शब्द करून घेतला.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’मधील ‘ब्रोकन मेन’ ही संज्ञा आम्ही सर्वांत शेवटी घेतो. येथे ‘ब्रोकन’ म्हणजे खचलेली, मोडकी माणसे नव्हेत. टोळ्यांच्या लढायांत पराभूत होऊन आपल्या टोळीपासून फुटलेली, पांगलेली आणि गावाबाहेर वसलेली माणसे, असा बाबासाहेबांचा सिद्धान्त आहे. त्यासाठी त्यांनी आयर्लंड व वेल्सचे दाखले दिले आहेत.

एकदा हे सारे शब्द आम्ही फळ्यावर एकाखाली एक लिहिले होते : डिप्रेस्ड, शेड्यूल्ड, आउटकास्ट, ब्रोकन, शेजारी बहिष्कृत, दलित. मागच्या बाकावरून तोच शब्दकोशवाला मुलगा, आता दहावीत गेलेला, उठला आणि म्हणाला, “सर, दाबलेला, टाकलेला, फोडलेला... सगळी कर्मणी रूपे आहेत. यांत कर्ता कुठे आहे?” आम्ही फळ्याकडे पाहत राहिलो. तेवढ्यात घंटा झाली. पुढचा तासही आमचाच होता, इतिहासाचा. फळा आम्ही पुसला नाही.