सर्रा : गोठ्यापासून जंगलापर्यंत

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यातील एका शेतकऱ्याला २००४ साली वारंवार ताप येऊ लागला. रक्ततपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली जो परजीवी वळवळताना दिसला, तो माणसाच्या शरीरात कधी सापडेल अशी वैद्यकशास्त्राची अपेक्षा नव्हती. तो होता 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी', म्हणजेच गुरे, घोडे, उंट आणि कुत्र्यांना होणाऱ्या 'सर्रा' रोगाचा जंतू. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही नोंद या परजीवीमुळे झालेल्या मानवी रोगाची भारतातील पहिली नोंद ठरली.

सर्रा हा रोग भारताला नवा नाही. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाला तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माइल खान येथे घोड्या-उंटांच्या रक्तात हा परजीवी आढळला. काही इंग्रजी शब्दकोश तर 'सर्रा' या नावाचे मूळ नाकपुडीतील श्वास या अर्थाच्या मराठी शब्दात शोधतात. या परजीवीचे पूर्वज आफ्रिकेतील. तेथे त्सेत्से माशीच्या शरीरात वाढून ते पसरतात. ती माशी भारतात नाही. मात्र इव्हान्सी जातीला तिची गरजच उरली नाही. म्हणून उंट-घोड्यांच्या तांड्यांबरोबर ती आशिया आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत पोहोचली. युरोपही सुटला नाही. २००६ मध्ये फ्रान्समध्ये आणि २००८ मध्ये स्पेनच्या मुख्य भूमीवर उंटांच्या कळपांत तिचा शिरकाव झाला.

प्रसार कसा होतो?

गोमाशीचा दंश वेदनादायक असतो. जनावर अंग झटकते, शेपटी मारते. माशी अर्धवट रक्त पिऊन उडते आणि शेजारच्या जनावरावर बसते. तिच्या सोंडेला लागलेल्या ताज्या रक्तातून परजीवी दुसऱ्या शरीरात जातो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काळात गोमाश्या वाढतात, तसा धोकाही वाढतो. गाई-म्हशींमध्ये हा संसर्ग अनेकदा बाहेरून जाणवत नाही. जनावर चरते, कामही करते, आणि रक्तात मात्र परजीवी बाळगते.

कुत्र्याकडे तो दोन वाटांनी येतो : माशीच्या दंशातून आणि आजारी जनावराचे कच्चे मांस खाण्यातून. गुरांच्या मानाने कुत्र्यात रोग फार उग्र असतो. अधूनमधून चढणारा ताप, झपाट्याने येणारा अशक्तपणा, रक्तक्षय, तोंड व पायांवर सूज आणि डोळ्याच्या बुबुळावर येणारी निळसर-पांढरी झाक ही त्याची लक्षणे. काही कुत्र्यांचा आवाज बदलतो, त्यामुळे पिसाळल्याची शंका येते. उपचार न मिळाल्यास काही आठवड्यांत मृत्यू ओढवू शकतो.

वाघालाही धोका

चंद्रपूर-गडचिरोलीत या रोगाला वेगळे गांभीर्य आहे. येथे गोठा, गाव आणि जंगल यांत कुंपण नाही. गुरे जंगलात चरतात, गावातली कुत्री त्यांच्या मागे जातात, मेलेल्या जनावरावर ताव मारतात. बिबट्या त्याच कुत्र्यांना उचलतो आणि वाघ गुरे मारतो. ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या जंगलांतून वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत वाघांचा वावर वाढल्याने हा संपर्कही विस्तारला आहे. मार्जारकुळाला सर्रा किती घातक ठरतो, हे २००० च्या जुलैमध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयाने अनुभवले. तेथे काही दिवसांत सुमारे डझनभर वाघ दगावले होते.

माणसाचे काय?

बहुतेक माणसांच्या रक्तातील 'एपीओएल-१' हे प्रथिन या परजीवीला मारते. सिंदेवाहीच्या रुग्णात जनुकीय दोषामुळे हे प्रथिनच नव्हते, असे २००६ मध्ये सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने पुरवलेल्या सुरामिन या औषधाने तो बरा झाला. त्यानंतर त्याच्या गावात १,८०६ जणांची चाचणी झाली. ४१० जणांच्या रक्तात परजीवीविरोधी प्रतिपिंडांचे संकेत मिळाले. मात्र त्यांपैकी ठळक संकेत असलेल्या ६० जणांचे रक्त तपासले असता कोणातही परजीवी आढळला नाही. म्हणजे संपर्क घडतो, पण शरीर तो परतवते. तथापि पुढे व्हिएतनाममध्ये हे प्रथिन शाबूत असलेल्या एका महिलेलाही हा रोग झाला. त्यामुळे हे कवच अभेद्य मानता येत नाही.

उपाय

सर्राविरुद्ध लस नाही. क्विनापायरामिन, डायमिनाझिन ही औषधे उपलब्ध आहेत; पण कुत्र्यांत डायमिनाझिनची उपयुक्त आणि घातक मात्रा यांत अंतर कमी असल्याने ते पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. परजीवी डोळ्यात वा मेंदूत दडून राहिल्यास रोग उलटतो. निदानाचे प्राथमिक साधन मात्र स्वस्त आहे : रक्ताचा एक थेंब, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. रक्तातील परजीवींची संख्या कमी-जास्त होत असल्याने एका तपासणीत ते न दिसल्यास ती पुन्हा करावी लागते.

मृत जनावरे उघड्यावर न टाकता खोल पुरणे, गोठ्यात माश्यांचा बंदोबस्त ठेवणे आणि पावसाळ्यानंतर गुरांबरोबर कुत्र्यांचेही रक्त तपासणे, या साध्या गोष्टी आहेत. गाईच्या अंगात जो रोग मुकाट राहतो, तो कुत्र्याच्या अंगात बोलू लागतो. जंगलालगतच्या गावात डोळा पांढरा पडलेले, खंगत चाललेले कुत्रे ही म्हणूनच गोठ्यासाठी आणि जंगलासाठी मिळालेली पूर्वसूचना समजायला हवी.