मुंबईची खानावळ आणि पेणचे ताट

मुंबईच्या खाण्यावर दर दिवाळीत दोन-चार लेख येतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी इराणी, मग उडुपी, मग मालवणी, शेवटी वडापाव. कयानी १९०४चे, माटुंग्याचे ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चे, दादर स्टेशनाबाहेरची अशोक वैद्य यांची वडापावची गाडी १९६६ची. हे सारे वाचकांना पाठ आहे, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही. या यादीत कोण नाही, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या बेटांवर आणि आसपासच्या खाड्यांवर जे आधीपासून राहत होते, ते कोळी, आगरी, पाठारे प्रभू आणि ईस्ट इंडियन या यादीत जवळजवळ नाहीत. ज्यांची ही भूमी, त्यांच्या जेवणाची हॉटेले शहरात बोटांवर मोजावी लागतात, आणि हजार मैलांवरून आलेल्यांची मात्र गल्लोगल्ली. याचे कारण चवीत नाही, अंतरात आहे, हे मी बरीच वर्षे मांडत आलो आहे आणि आज जरा सविस्तर मांडतो.

शहरातले जेवणघर उभे राहते ते घरापासून तुटलेल्या माणसासाठी. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी निघाली आणि पुढच्या अर्धशतकात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे पुरुष बायकामुले गावी ठेवून गिरणगावात आले. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा गाळेकरी. एकाची पाळी संपली की त्याच्या वळकटीच्या जागी दुसऱ्याची वळकटी. या माणसांना स्वयंपाकघर नव्हते. शेजारच्या खोलीतली एखादी बाई दोन वेळचे रांधून घालू लागली, महिन्याचा हिशेब पगाराच्या दिवशी. बाहेर पाटी नाही, परवाना नाही, मेनूकार्ड नाही, म्हणून हॉटेलांचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांना ती दिसत नाही. पण पाळी सुटताना चार माणसांना सोसेल असे तिखट, भात पुरवणारी पातळ आमटी, स्वस्तातला बांगडा, संपला की पुन्हा वाढायचा भात, ही ताटाची रचना तिनेच घडवली. आजच्या दादर-परळच्या कुठल्याही मालवणी हॉटेलची थाळी उघडून पाहा, तीच रचना आहे. वर सोलकढीची वाटी आणि चकचकीत स्टील एवढीच भर. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायकांना सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात नेले. गिरणगावच्या अन्नाचा कणा कोण होते, हे तेव्हा कुठे कागदावर आले. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि जेवणारेच पांगले, तेव्हा खानावळवालीचे काय झाले, यावर संपाच्या इतिहासांत फार थोडे सापडते. मला ती उणीव मोठी वाटते.

अंतराचा हा नियम इतरांनाही लागू पडतो. इराणी यझदहून आले, समुद्रापलीकडून. माटुंग्याचे बोर्डिंग दक्षिणेकडून आलेल्या नोकरदारांसाठी निघाले. धोबीतलावाच्या आसपास गोव्याच्या गावागावांनी आपापले कूड काढले, कारण बोटीवर चढेपर्यंत खलाशाला डोके टेकायला आणि जेवायला जागा हवी होती. माणूस जितका लांबचा, तितके त्याचे जेवणघर पक्के.

आता पेण-अलिबागच्या माणसाचे पाहा. १९८१पर्यंत ज्याला कुलाबा जिल्हा म्हणत, तिथला हा माणूस मुंबईत नोकरीला होताच. पण भाऊच्या धक्क्यावरून धरमतरची लाँच धरली की सुट्टीला तो घरी. परतताना तांदूळ, कडवे वाल, सुकट आणि पापडांचा डबा बरोबर. त्याचे स्वयंपाकघर खाडीपलीकडे शाबूत होते; त्याच्यासाठी कोणी खानावळ काढावी अशी निकड कधी आलीच नाही. आणि खानावळ नाही म्हणून पुढे हॉटेल नाही. कोकण म्हणजे मालवण ही जी समजूत मुंबईत रूढ झाली, तिच्या मुळाशी हे आहे. उत्तर कोकण फार जवळ होते.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवे. पहिला जातीचा आणि भांडवलाचा: आगरी-कोळ्यांच्या अन्नाला शहरातल्या वरच्या वर्गाने नाक मुरडले आणि हॉटेल काढण्याइतका पैसा त्यांच्या हाती नव्हता. यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पाट्यांवर ‘हिंदू’ आणि ‘ब्राह्मण’ लिहिल्याशिवाय गिऱ्हाईक पायरी चढत नव्हते असा काळ या शहराने पाहिला आहे. पण मग पाठारे प्रभूंचे काय? शिक्षण, घरे, प्रतिष्ठा, सरकारदरबारी वजन, सारे असूनही त्यांच्या भोजनाचे नाव घेण्याजोगे हॉटेल शतकभरात रुजले नाही. गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रम दीर्घ काळ चालला, लोक लांबून येत, आणि तिथे मिळे ती गोमंतकी धाटणीची मासळी. त्याच वाडीतल्या ईस्ट इंडियन घरांचे बाटली मसाल्याचे कालवण मात्र उंबऱ्याच्या आतच राहिले. जात हे अर्धे कारण असेल, उरलेले अर्धे अंतरच आहे.

दुसरा आक्षेप मामा काणे यांच्या नावाने येतो. मराठी माणसाने १९१० साली उपाहारगृह काढले, पुढे पणशीकर आले, प्रकाश आले, विनय हेल्थ होम आले, आणि १९८६चे आस्वाद तर मिसळीसाठी लंडनच्या पुरस्कारापर्यंत पोचले. मग अंतराचे काय? ही सगळी नावे आदराची आहेत. पण दादर आणि गिरगावात हे लोक विकत होते तो फराळ. वडा, मिसळ, थालीपीठ, पियूष हे कचेरी आणि घर यांच्या मधले खाणे आहे, जेवण नाही. जेवणाचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता, कारण त्यांचे गिऱ्हाईक रात्री आपल्याच घरी जेवत होते.

उत्तर कोकणच्या ताटात आहे काय, हे आता सांगायला हवे, कारण ते नीट सांगितले जात नाही. भातकापणी झाली की पेणच्या शेतांत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वेगळे पाणी नाही, दव आणि जमिनीचा ओलावा एवढ्यावर पीक येते. थंडीत शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडे मीठ, मधे बटाटे, अंडी किंवा मसाला चोळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात आणि भांबुर्ड्याचा उग्र वास त्यांत उतरतो. झाली की नाही ते पाहायला मडक्यावर पाणी शिंपडतात, चर्र वाजले की जाळ ओढायचा. शेत, पाला, थंडी आणि भोवती बसणारी माणसे, यातले एक काढले की पोपटी होत नाही. जिताडा या माशाचेही तसेच. खारेपाटात, म्हणजे इथल्या खाडीकाठच्या शेतपट्ट्यात, खाडीच्या बांधांना उघाड्या, म्हणजे पाण्याची दारे, असतात. भरतीबरोबर आलेली पिल्ले धरून घराजवळच्या तळ्यात सोडायची आणि वाढू द्यायची. पोसलेला जिताडा पाहुण्यासाठी, लग्नकार्यासाठी निघतो. बाजाराच्या भावाने रोज पन्नास ताटे भरणारी ही मासळी नाही. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सोडे घातलेले वांगे, पांढऱ्या कांद्याची फोड, हे सारे चुलीवरून थेट पानात पडणारे आहे.

म्हणून पेणहून मुंबईला गेले ते फक्त टिकणारे. पोहे, पोह्याचे पापड, मिरगुंड, कुरडया, पेणच्या गणपतीच्या मूर्तींबरोबर त्यांचीही ख्याती झाली. पांढऱ्या कांद्याच्या माळा वडखळ-पोयनाडला रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात, आता त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पेण मुंबईला दुकान म्हणून माहीत आहे, स्वयंपाकघर म्हणून नाही. पेणला रामवाडीच्या एसटी स्थानकात उतरलेल्या प्रवाशालाही हाच अनुभव. इथे एसटीच्या रायगड विभागाचे कार्यालय आहे, कोकणात जाणाऱ्या गाड्या इथून जातात, आणि महामार्गावर या टप्प्यात खायला मिळते ते वडापाव, मिसळ, इडली, पंजाबी भाजी आणि ‘मालवणी’ पाटीखालची सुरमई. जिताड्याच्या तळ्यांपासून काही किलोमीटरवर मालवणची पाटी! हॉटेलवाल्याला दोष नाही. त्याचे गिऱ्हाईक वाटसरू आहे आणि वाटसरूला कोकणाचे एकच नाव ठाऊक आहे.

अलीकडे आगरी नावाची हॉटेले ठाणे, डोंबिवली, पनवेल पट्ट्यात निघत आहेत, महोत्सव भरत आहेत, वेसाव्याच्या कोळीवाड्यात मासळीचा उत्सव होतो, माहीमला कोळी बायकांचे बचतगट रोज ताटे वाढतात. काही जाणकार याला पुनरुत्थान म्हणतात. माहीमच्या बायकांचे कौतुक मलाही आहे. पण या हॉटेलांची वेळ पाहा. नवी मुंबई उभी राहिली, आगरी गावे टॉवरांच्या मधे अडकली, खाजणे बुजली, मिठागरे गेली, आणि मग आगरी थाळी विकाऊ झाली. एके काळी गिरणी कामगार घरापासून लांब गेला; आता घर जागेवर आहे आणि शेत-खाडी त्याच्यापासून लांब गेली आहे. अंतर पडले, हॉटेल आले. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला, नवी मुंबईचा विमानतळ झाला, उरण-पनवेल-पेणच्या गावांवर तिसऱ्या मुंबईचे नकाशे पडले आहेत. २००८ साली हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांनी विशेष आर्थिक क्षेत्रावर मतदान केले, तेव्हा चर्चा भावाची आणि पाण्याची होती. त्या जमिनीतल्या वालाची आणि तळ्यांची कोणी बाजू मांडली नाही.

तेव्हा माझी मागणी हॉटेलांची नाही. खारेपाटाचे बांध आणि उघाड्या वेळेवर दुरुस्त व्हाव्यात, कारण एकदा खारे पाणी शेतात शिरले की भात गेला आणि त्यामागून वालही गेला. तळ्यातल्या जिताड्याला मत्स्य खात्याने कोळंबीच्या प्रकल्पांइतके तरी मोजावे. आणि एसटीने अधिकृत थांब्यांवर तीस रुपयांत चहा-नाश्ता द्यायची योजना आणलीच आहे, तर रामवाडीत त्या बशीत पोहे पेणच्या गिरणीचे असावेत आणि थंडीचे तीन महिने गावच्या बचतगटाने रांधलेली वालाची उसळ व तांदळाची भाकरी मिळावी. एवढे करायला नवा कायदा लागत नाही, उपाहारगृहाच्या निविदेत दोन ओळी लागतात.