हापूसचा लहान व्यवसाय आणि अल्प खर्चाची माहिती-साधने

रत्नागिरी जिल्ह्यातील हापूस आंब्याची कीर्ती सर्वदूर पसरलेली असली, तरी त्या कीर्तीचा लाभ लहान बागायतदाराच्या पदरात पुरतेपणी पडतोच असे नाही. पन्नास-शंभर कलमांचा मालक वर्षभर बागेची निगा राखतो, मोहोर सांभाळतो, फळ उतरवून पेट्या भरतो आणि त्या वाशीच्या बाजारात धाडतो. माल कोणत्या दराने गेला हे त्यास बहुधा पट्टी हाती आल्यावरच समजते. फळ स्वतःचे, परंतु भाव, ग्राहक आणि खर्च यांची माहिती मात्र दुसऱ्याकडे, अशी ही स्थिती आहे. ही माहिती आपल्या हाती आणण्याचे स्वस्त साधन, म्हणजे मोबाइल फोन, आता खेडोपाडी पोहोचले आहे. त्याचा व्यवसायासाठी पद्धतशीर उपयोग कसा करावा, याचा विचार येथे केला आहे.

माहितीचे मोल

नाशवंत मालाच्या धंद्यात वेळेवर मिळालेली माहिती किती मोलाची असते, याचे उत्तम उदाहरण केरळच्या किनाऱ्यावर आढळते. उत्तर केरळात १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा सुरू झाली. तत्पूर्वी तारली पकडणारे मच्छीमार आपल्या नेहमीच्या बंदरावरच माल उतरवीत. एका बंदरावर गिऱ्हाईक नसल्यामुळे मासळी फेकून द्यावी लागे, तर थोड्याच अंतरावरील दुसऱ्या बंदरावर ती कमी पडे. फोन आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारून बंदर ठरवू लागले. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मासळीची नासाडी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकास मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. जाळी तीच, होड्या त्याच. भर पडली ती केवळ माहितीची.

आंबाही नाशवंतच आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर निरनिराळ्या बाजारसमित्यांतील आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर दिलेले असतात. माल रवाना करण्यापूर्वी हे दर पाहावेत, तारखेसह टिपून ठेवावेत आणि पट्टी आल्यावर ती त्यांच्याशी ताडून पाहावी. दर्जाप्रमाणे भावात फरक पडणारच. तथापि फरक का पडला, हे विचारण्याचा आधार त्यामुळे मिळतो.

प्रथम वही, मग फोन

व्यवसायाचा पाया हिशोब हा होय. फोनमधील साध्या तक्त्यात प्रत्येक पेटीचा क्रमांक, बागेचा भाग, तोडणीची तारीख, फळांची संख्या व वजन, पाठविण्याचे ठिकाण, मिळालेला दर आणि खराब निघालेली फळे एवढ्या बाबी लिहिल्या तरी पुरे. फवारणीचे औषध, प्रमाण व तारीख यांची नोंद स्वतंत्र ठेवावी. निर्यात करू इच्छिणाऱ्यांना तर ती अत्यावश्यकच आहे; कारण अपेडा या संस्थेच्या ‘मँगोनेट’ प्रणालीत बागेची नोंदणी असते आणि फळ कोणत्या बागेतून आले याचा मागोवा घेता यावा, हाच तिचा उद्देश आहे. ज्यांना फोनवर लिहिणे अवघड वाटते त्यांनी कागदी वहीत लिहून त्या पानाचे छायाचित्र काढून ठेवावे. खोटी किंवा अपुरी नोंद कोणत्याही यंत्राने खरी होत नाही, हे मात्र ध्यानात असावे.

थेट विक्री केव्हा परवडते

ग्राहकास घरपोच पेटी पाठविली म्हणजे नफा झालाच, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. केवळ समजुतीसाठी काही आकडे गृहीत धरू. बाजारात एका पेटीस २,००० रुपये मिळाले आणि वाहतूक, हमाली इत्यादींचे ३०० रुपये वजा गेले, तर हाती १,७०० रुपये उरतात. तीच पेटी ग्राहकास २,६०० रुपयांना दिली; पार्सलचे ३५० व मजबूत बांधणीचे ८० रुपये वजा केले आणि वीस पेट्यांमागे एका पेटीची भरपाई द्यावी लागते असे धरून दर पेटीस १३० रुपये सोडले, तर २,०४० रुपये हाती येतात. म्हणजे ३४० रुपयांचा लाभ झाला. परंतु खराब निघणाऱ्या पेट्यांचे प्रमाण पाचामागे एक इतके वाढले, तर दर पेटीस ५२० रुपये सोडावे लागून हाती केवळ १,६५० रुपये उरतात. बाजारापेक्षाही पन्नास कमी. लाभ आणि हानी यांतील ही सीमारेषा केवळ नोंदीवरूनच दिसते. म्हणून पहिल्या हंगामात थोड्याच पेट्या थेट विकाव्यात आणि उरलेला माल नेहमीच्या मार्गाने पाठवावा.

ग्राहकाशी संपर्क

बहुसंख्य तक्रारी फळ वाईट असल्यामुळे नव्हे, तर ते केव्हा खावे हे ग्राहकास ठाऊक नसल्यामुळे उद्भवतात. चौदा आणे तयार झालेले फळ झाडावरून उतरवल्यावर अढीत पिकण्यास सामान्यतः आठ-दहा दिवस लागतात. शहरातील ग्राहक पेटी येताच आंबा कापतो आणि तो आंबट लागला म्हणून नाराज होतो. पेटी रवाना होताच तोडणीची तारीख, फळे केव्हा तयार होतील त्याचा अंदाज आणि ती शीतकपाटात न ठेवता गवतात किंवा कागदात कशी ठेवावीत याची सूचना व्हॉट्सॲपवरून पाठवावी. छोट्या व्यावसायिकांसाठी त्याची निराळी मोफत आवृत्ती २०१८ पासून मिळते. तीत मालाची यादी लावण्याची व ठराविक उत्तरे तयार ठेवण्याची सोय आहे. ग्राहकांची यादी जपून ठेवावी. पुढील वर्षी प्रथम त्यांनाच कळवावे, मात्र ज्यांनी नको म्हटले त्यांस वारंवार संदेश धाडू नयेत.

नावाचे रक्षण

परप्रांतातील आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला गेल्यास ग्राहक फसतो आणि प्रामाणिक बागायतदाराचाही भाव पडतो. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा वापर करण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते. पेटीवर क्यूआर चिन्ह लावल्यास ग्राहकास फोनवर बागेची माहिती पाहता येते. परंतु सर्व पेट्यांवर एकच चिन्ह असेल, तर त्याची नक्कल करून कोणीही कोणत्याही पेटीवर लावू शकेल. म्हणून प्रत्येक पेटीस स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तो वहीतील नोंदीशी जोडलेला असावा. एकच क्रमांक दोन ठिकाणी आढळला, तर लबाडी तत्काळ उघडकीस येते. चिन्हामागे खरी वही उभी असेल, तरच चिन्हास किंमत आहे.

पैशाची देवघेव

यूपीआय पद्धतीने रक्कम थेट बँकेच्या खात्यात जमा होते. येथे एक नियम पक्का लक्षात ठेवावा: पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त पिन कधीही टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवले आहेत, पिन टाका’ असे सांगणारा मनुष्य फसवीत आहे असे समजावे. जमा झाल्याचा संदेश खोटाही असू शकतो. म्हणून खात्यातील शिल्लक पाहिल्याखेरीज माल सोडू नये. व्यवसायासाठी वेगळे खाते ठेवल्यास हिशोब सोपा होतो आणि पुढे बँकेकडे कर्ज मागताना विक्रीचा लेखी पुरावाही मिळतो.

हवामान आणि प्रक्रिया

भारतीय हवामानशास्त्र विभाग व सहयोगी संस्थांनी २०१९ मध्ये ‘मेघदूत’ हे उपयोजन सुरू केले. त्यावर जिल्हानिहाय हवामानाचा अंदाज व कृषी सल्ला मिळतो. फवारणीनंतर पाऊस पडल्यास औषध व मजुरी दोन्ही वाया जातात, म्हणून अंदाज पाहूनच फवारणीचा दिवस ठरवावा.

आंब्याचा हंगाम संपल्यावर आंबापोळी, कोकम, आगळ, फणसपोळी असे पदार्थ करणाऱ्या बचतगटांनाही हीच साधने उपयोगी पडतात. प्रत्येक घाणीची तारीख, कच्च्या मालाचा खर्च आणि विक्री लिहिल्यास कोणता पदार्थ किफायतशीर आहे ते कळते. सूक्ष्म उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून शासकीय संकेतस्थळावर विनाशुल्क होते. नोंदणीचे शासकीय शुल्क म्हणून कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

सारांश, महागडी यंत्रसामग्री घेण्याची घाई कोणी करू नये. पहिल्या हंगामात नोंदी, दुसऱ्यात ग्राहकांची यादी व थोडी थेट विक्री, आणि हिशोब जुळल्यावर पेटीवरील चिन्ह, असा क्रम ठेवावा. घरातील शिकलेल्या मुलामुलींची या कामी मदत घ्यावी. ज्या बागायतदारास स्वतःच्या पेटीचा खर्च ठाऊक आहे, तो भाव ठरविताना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसत नाही.