प्रगलन भट्टीचे अस्तर

धातुक वितळवून व त्याचे क्षपण (ऑक्सिजन काढून घेण्याची क्रिया) करून धातू मिळविणाऱ्या भट्टीच्या पोलादी कवचाला आतून दिलेला उच्चतापसह पदार्थांचा थर. भट्टीचे आयुष्य व सुरक्षितता मुख्यतः यावरच अवलंबून असते.

नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगॅनिजाचे धातुक सापडते. त्यापासून फेरोमँगॅनीज बनविण्याच्या विद्युत् भट्ट्या विदर्भात आहेत. त्यांपैकी चंद्रपूर येथील महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट ही कंपनी १९७४ मध्ये स्थापन झाली व २०११ मध्ये भारतीय पोलाद प्राधिकरणात विलीन झाली.

अशा भट्टीत विद्युत् अग्रांची टोके धातुक व कोक यांच्या भरणात रुतलेली असतात. तळाशी साचणाऱ्या रसाचे तापमान सु. १,४००° से. असते. मँगॅनीज ऑक्साइडयुक्त धातुमळी सिलिकामय विटांना झपाट्याने खाते. म्हणून तळ व खालच्या भिंती कार्बनाच्या ठोकळ्यांनी बांधतात. कार्बन मात्र तप्त असताना हवेत व वाफेत झिजतो. कवच बाहेरून थंड ठेवल्यास अस्तरावर धातुमळीचा गोठलेला पापुद्रा धरतो. हा पापुद्रा म्हणजेच खरे अस्तर, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. रस सोडण्याचे छिद्र सर्वांत आधी झिजते. ते वारंवार ऑक्सिजनाने जाळून उघडल्यास झीज अधिकच वाढते.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा असतो. रसाखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होताना घनफळ सु. १,७०० पट वाढते व स्फोट होतो. यास्तव शीतन नळ्यांची गळती दिसताच वीजपुरवठा तोडतात, पावसाळ्यात धातुक वाळवून घेतात आणि कवचाचे तापमान ठिकठिकाणी नियमित मोजतात. एखाद्या जागी ते सतत वाढू लागल्यास तेथील अस्तर पातळ झाले असे समजून भट्टी थांबवितात. नवे अस्तर ओलावा पूर्ण निघून जाईपर्यंत अनेक दिवस सावकाश तापवावे लागते.