इतिहासकथन आणि धर्मवाद : रोम ते राचोल

इ.स. ४१० मध्ये गॉथ लोकांनी रोम लुटले, तेव्हा जुन्या दैवतांचे उपासक म्हणू लागले की, कुळाचे देव सोडले म्हणूनच ही आपत्ती ओढवली. संत ऑगस्टीनच्या सूचनेवरून ओरोसियस या धर्मोपदेशकाने सुमारे ४१७ साली सात खंडांत त्याचे उत्तर दिले. तत्त्वचर्चेत तो फारसा शिरला नाही. त्याने ख्रिस्तपूर्व काळातील युद्धे, दुष्काळ, साथी आणि भूकंप यांची जंत्रीच मांडली. देवळांत बळी अखंड चढत होते त्या काळी गॉलांनी हेच नगर जाळले. मग ते देव होते कोठे, असा त्याचा रोख. मात्र मुद्दा सिद्ध करण्याच्या भरात स्वतःच्या काळाचे दुःख त्याने फार हलके केले, असे माझे मत आहे.

मराठीच्या अभ्यासकाला ही रीत अनोळखी वाटू नये. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा पहिला भाग सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या प्रतीक्षेपर्यंतचा, दुसरा ख्रिस्तचरित्राचा. येथेही वाद कथेच्या ओघातूनच पुढे सरकतो. छंद ज्ञानदेव-एकनाथांचा, 'वैकुंठ' हा शब्दही निःसंकोच स्वीकारलेला. पुढे १६२९ ते १६३४ च्या दरम्यान एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने मराठीत संत पीटरचे पुराण रचले. त्याच्या शीर्षकातच पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या भ्रमांचे खंडन करण्याचा हेतू सांगितलेला आहे.

हे पुराण हवे का झाले? ग्रंथातच एक नवख्रिस्ती ब्राह्मण विनवितो की, पूर्वीची पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही द्यावे. त्याआधी, १५६७ मध्ये, साष्टीतील देवळे पाडली गेली होती. ओरोसियसच्या काळीही ३९१ पासून बळी देण्यास कायद्याने बंदी होती. दोघांचाही युक्तिवाद प्रतिपक्षाचे हात बांधलेले असताना झाला, हे आपण विसरू नये.

हैदराबादेत एकदा मी या ओव्या वर्गात मोठ्याने वाचल्या. मुले रंगून ऐकत होती. तास संपता संपता एकाने विचारले, "सर, हा ग्रंथ आपला की आपल्याविरुद्धचा?" मी म्हणालो, "दोन्ही." त्याचे समाधान झाले नाही, माझेही अद्याप झालेले नाही.