आखूड ओंडक्यांपासून उपयोगी लाकूड

नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूस सागवानाची जंगले आहेत; लातूर जिल्ह्यात मात्र वनक्षेत्र अत्यल्प आहे. त्यामुळे तेथील शेतकऱ्याची लाकडाची गरज बऱ्याच अंशी बांधावरची बाभूळ व निंब हीच झाडे भागवितात. ही झाडे सरळसोट वाढत नाहीत. तीन-चार फुटांहून लांब सरळ ओंडका क्वचितच मिळतो व असे आखूड ओंडके सरपणाच्या भावाने विकले जातात. वास्तविक बाभळीचा गाभा कठीण, चिवट व टिकाऊ असतो. चाकाचे तुंबे व आरे, तिफणीचे व वखराचे भाग, खुंट्या, चौकटीचे तुकडे यांस फार लांब लाकूड लागतच नाही.

झाड तोडण्यापूर्वी वन खात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. साग, आंबा, चिंच, मोह इत्यादी अनुसूचित झाडांच्या तोडीस १९६४ च्या अधिनियमान्वये पूर्वपरवानगी लागते. वाहतुकीच्या पासाविषयीही तेथेच विचारावे व कापणी परवानाधारक गिरणीतच करावी.

ओंडका टोकांकडून लवकर वाळतो आणि तेथूनच तडकतो. म्हणून तोडल्याच दिवशी दोन्ही टोकांस डांबर, मेण किंवा जुना तैलरंग जाड लावावा. हव्या असलेल्या लांबीपेक्षा प्रत्येक टोकास दोन-तीन इंच अधिक ठेवावे. बाभूळ वाळल्यावर फार कठीण होते. यास्तव ती ओली असतानाच कापून घेणे सोयीचे पडते. जुन्या वाड्याच्या किंवा माळवदाच्या लाकडातील खिळे मात्र आधी काढावेत, नाही तर करवतीचे दात मोडतात व अपघातही होतो.

मोठ्या गिरणीच्या गाड्यावर आखूड ओंडका घट्ट पकडता येत नाही. तो हाताने धरून गोल करवतीत सारणे प्राणघातक ठरू शकते; गोल लाकूड फिरते व हात ओढला जातो. प्रथम वाकसाने तासून ओंडक्याची एक बाजू सपाट करावी. ती बाजू खाली ठेवून ओंडका जाड फळीवर स्क्रूने घट्ट बसवावा आणि फळीसह पुढे सरकवावा. स्क्रू करवतीच्या वाटेत येता कामा नयेत. दोन बाजू काटकोनात सपाट झाल्या की लाकूड मेजावर स्थिर बसते व पुढील कापणी सोपी होते.

करवतीच्या जाडीचा हिशेबही महत्त्वाचा आहे. ३० सें.मी. व्यासाच्या ओंडक्यातून सुमारे २१ सें.मी. चौरस ठोकळा निघतो. त्याच्या २.५ सें.मी. जाडीच्या फळ्या पाडताना करवत ३ मि.मी. लाकूड खात असेल तर सात फळ्या मिळतात, ६ मि.मी. खात असेल तर सहाच. म्हणून ठोकळा झाल्यावर पातळ पट्टा-करवत वापरणे फायद्याचे ठरते. मधला मऊ गर ज्या फळीत येतो ती तडकते. ती फळी हलक्या कामास ठेवावी. बाहेरचे फिकट लाकूड किडीस लवकर बळी पडते. ते अवजारांत वापरू नये.

फळ्या सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच, दर दीड फुटावर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत याव्यात व थरावर दगडांचे वजन ठेवावे. मराठवाड्यातील उन्हाळी वारे फळीचा पृष्ठभाग झपाट्याने वाळवितात आणि आतील भाग ओलाच राहतो. त्यामुळे भेगा पडतात. वाऱ्याच्या बाजूस गोणपाट टांगल्यास हे टळते. एक फळी खूण करून दर पंधरवड्यास तोलावी. कोरड्या हंगामात वजन घटणे थांबले म्हणजे लाकूड कामास तयार झाले असे समजावे. इंचभर फळीस सामान्यतः एक वर्ष द्यावे लागते.

एवढी काळजी घेतली तर चुलीत जाणारा ओंडका पुढील कित्येक हंगाम शेतातच कामी येईल.